मेंडोटाचं पाणी का गढुळलं?

गळाच्या दोरीला ओल्या कापसासारखा लगदा चिकटलेला असतो. चिमटीत धरला तर टोचतो. ही काटेरी जलपिसू: जेमतेम सेंटिमीटरभर, त्यातही निम्म्याहून जास्त नुसता शेपटीचा काटा. मूळची युरोप-आशियातली, जहाजांच्या तळाशी भरलेल्या पाण्यातून १९८०च्या दशकात ती उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोचली. २००९ मध्ये विस्कॉन्सिनच्या मेंडोटा तलावात सापडली. तिथे शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवणाऱ्या डॅफ्नियाचा तिने फडशा पाडला आणि पूर्वीपेक्षा सुमारे मीटरभर कमी खोलवरचं दिसू लागलं. एवढासा जीव, केवढं नुकसान! तिची सुप्त अंडी माशाच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडतात. वाळली, की मात्र मरतात. म्हणून दोरी, जाळी, होडी कोरडीठाक केल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात उतरवायची नाही.