बेसमेंटमधला तबला

डिसेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, त्या रात्री मी खाली बेसमेंटमध्ये गेलो. सुटकेसांच्या मागे, मुलीच्या शाळेच्या जुन्या प्रोजेक्टांखाली माझा तबला होता. शेवटचा वाजवला त्याला सोळा वर्षं झाली होती.

मी तो ठेवला होता फर्नेसच्या शेजारी! शिकागोच्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की आपली कातडी तडकते, मग बकऱ्याच्या कातड्याचं काय होणार? पुडी आक्रसली होती आणि शाईचा टवका निघाला होता. ही शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरावर थर, प्रत्येक थर घोटून बसवलेला. ती घरी सांधता येत नाही. मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा पुडी बदलून आणली. आता तबला वरच्या खोलीत असतो, शेजारी ह्युमिडिफायर. बायको म्हणते, एवढी काळजी माझ्या कुंड्यांची घे.

खरी अडचण पुढेच होती. तोंडाने सगळं शाबूत होतं. तीनतालाचे कायदे, पलटे, तिहाया गाडी चालवताना झरझर म्हणता येत होत्या. कान अजून पंचविशीतला आणि हात बेचाळिशीतला! मी जुन्या लयीतच सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मनगट सुजलं आणि दोन आठवडे गप्प बसावं लागलं. त्यानंतर रोज फक्त पंधरा मिनिटं, मोबाईलवर लेहरा लावून, ठाय लयीत. पहिले काही दिवस नुसता 'ना' आणि 'तिट'. मुलगी जिन्यावरून ओरडायची, "बाबा, पुढचं येत नाही का तुला?"

पण मला टोचत होतं ते वेगळंच. सांगलीचे माझे सर दर दिवाळीला फोनवर विचारायचे, "रियाज चालू आहे ना रे?" आणि मी सोळा वर्षं "हो सर" म्हणत आलो. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, हात थरथरतात, स्वतः वाजवत नाहीत. ऑगस्टमध्ये धीर करून त्यांना खरं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "फोन खाली ठेव. ठेका वाजव."

चार आवर्तनं वाजवली.

"डग्गा मुका आहे. मनगट टेकव, उचलू नकोस. आणि सोळा वर्षं माहीत होतं मला. रियाज करणारा माणूस फोनवर काहीतरी विचारतो, तू कधी काही विचारलं नाहीस."

तेव्हापासून शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे त्यांच्या रविवारी सकाळी आठला, आमचा तास असतो. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की त्यांचे नऊ वाजतील. तोवर त्यांचा दुसरा चहा झालेला असेल, म्हणजे बोलणी जरा जास्त बसणार.