सायकलीचा परतीचा प्रवास

परदेशातील वास्तव्य संपवून मायदेशी परतणाऱ्याला सायकल सोबत न्यावीशी वाटते आणि रोजच्या वापराने जडलेला हा जिव्हाळा रास्तच आहे. मात्र विमानाने माल पाठवताना भाडे केवळ प्रत्यक्ष वजनावर ठरत नाही, तर खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून, येणाऱ्या संख्येला बहुधा ६००० ने भागून ‘आकारमानी वजन’ काढले जाते आणि दोहोंपैकी जे अधिक, तेच धरले जाते. त्यामुळे १४० × ८० × २० सेंटिमीटरच्या खोक्यातील १५ किलोंची सायकल सुमारे ३७ किलोंची मानली जाते. म्हणूनच चाके, हँडल व पेडल काढून खोका लहान करणे फार मोलाचे ठरते. यात डाव्या पेडलचे आटे उलटे असल्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावरच सुटते, आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या टोकांमध्ये आधाराचा तुकडा न बसवल्यास चिमटा दाबाने वाकू शकतो. न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात परतणाऱ्यांनी टायरवरील माती पूर्ण धुऊन काढावी, कारण तिच्यातून परकी कीड व बियाणे देशात शिरू नयेत यासाठी तेथे कसून तपासणी होते. विजेवर चालणाऱ्या सायकलीची लिथियम बॅटरी तर सहसा १६० वॉट-तासांच्या मर्यादेहून मोठी असल्याने प्रवासी सामानातून नेताच येत नाही.