घर फुकट नाही
मिलर्ड आणि लिंडा फुलर हे अमेरिकी ख्रिस्ती दांपत्य १९७३मध्ये झाईरला, म्हणजे आजच्या काँगोला गेलं आणि म्बांडाका शहरात गरिबांसाठी घरं बांधू लागलं. त्या अनुभवातून १९७६मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था उभी राहिली. या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे घर दान म्हणून दिलं जात नाही. कुटुंबानं स्वतः बांधकामावर राबायचं, परवडणारं कर्ज हप्त्यांनी फेडायचं; त्याच पैशातून पुढची घरं. परदेशातून स्वखर्चाने येणारे स्वयंसेवक विटा वाहतात, माल कालवतात. मात्र कसबाचं काम गवंड्याकडेच असावं, हेच योग्य. माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९८४मध्ये या कामात हातोडा घेऊन उतरले. २००६मध्ये ते लोणावळ्याजवळ मळवलीलाही घरं बांधायला आले होते.