काडतुसातली दारू मोजायला कोणता काटा लागतो? ‘ग्रेन’चा घोळ जिवावर का बेतू शकतो?

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू भरायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची. याला ‘रीलोडिंग’ म्हणतात. अमेरिकेत अनेक शिकारी आणि नेमबाज हे काम घरीच करतात. खर्च वाचतो आणि आपल्या बंदुकीला मानवेल असं काडतूस तयार होतं. पण सगळी भिस्त असते ती टेबलावरच्या छोट्या वजनकाट्यावर.

ग्रेन म्हणजे किती?

काडतुसातली दारू ग्रॅममध्ये नाही, ‘ग्रेन’मध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, १ ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन बसतात. आपल्याकडची गुंज जशी बीवरून आली, तसं हे माप मूळचं धान्याच्या दाण्यावरून आलेलं. आपल्या तोळ्याचाही त्याच्याशी संबंध आहे. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणून तो ११.६६ ग्रॅमचा भरतो.

चूक झाली तर काय होतं?

९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसात साधारण ४ ते ६ ग्रेन दारू असते, म्हणजे अर्धा ग्रॅमही नाही. ५ ग्रेनमध्ये ०.१ ग्रेनची चूक झाली, तर फरक २ टक्के. रायफलच्या ४५ ग्रेनमध्ये तीच चूक जेमतेम ०.२ टक्के.

दारू जास्त झाली तर दाब वाढून बंदूक फुटू शकते. फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि ते लक्षात न येता पुढची गोळी झाडली तर नळी फाटू शकते.

कोणता काटा घ्यायचा?

दांडीचा काटा: वीज लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. दांडीचं हलणं लवकर थांबावं म्हणून चुंबक असतो. पण काम सावकाश होतं.

डिजिटल काटा: आकडा लगेच दिसतो. मात्र तापमान बदललं की आकडा सरकू शकतो. चिमूट चिमूट दारू टाकताना काही काटे तेवढी वाढ टिपतच नाहीत.

दोन्हींपैकी कोणताही घ्या, ०.१ ग्रेनपर्यंतचा फरक दाखवणारा हवा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला स्वस्त काटा इथे कमी पडतो, कारण त्याची एक पायरीच ०.१५ ग्रेनची असते.

वापरताना काय पाहतात?

- काटा सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवतात. पंखा बंद करतात, मोबाइल लांब ठेवतात.
- डिजिटल काटा आधी काही वेळ चालू ठेवतात, मग शून्यावर आणतात.
- प्रमाणित वजन ठेवून काटा तपासतात. हे वजन भरायच्या दारूच्या आसपासचं असावं. ५ ग्रेन मोजायचे असताना ५० ग्रॅमच्या वजनाने केलेली तपासणी पुरेशी नाही.
- एकक दरवेळी बघतात. ग्रेनऐवजी चुकून कॅरेट निवडलं, तर ‘५’ या आकड्याला १ ग्रॅम, म्हणजे १५.४ ग्रेन दारू पडेल. थेट तिप्पट! मोठ्या पुंगळीत ती मावूनही जाते.

काटा काय सांगत नाही?

काटा फक्त वजन सांगतो. दारू कोणती, हे त्याला कळत नाही. एका प्रकारच्या दारूचं सुरक्षित वजन दुसऱ्या प्रकारात घातक ठरू शकतं. म्हणून दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक काडतुसासाठी सुरुवातीचं आणि कमाल वजन दिलेलं असतं. सुरुवात कायम खालच्या आकड्यापासून करायची. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली नाही ना, हेही गोळी बसवण्याआधी डोळ्यांनीच पाहावं लागतं.

भारतात हे चालतं का?

शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना असला, म्हणून घरी काडतुसं भरण्याची मुभा मिळत नाही. त्यामुळे अमेरिकेतले रीलोडिंगचे व्हिडिओ पाहून इथे प्रयोग करायला जाऊ नका.