घाई नको, पण लपवणंही नको: योनीमार्ग आणि गुदाशयातला फिश्चुला

बाळंतपणाला आठ-दहा दिवस होतात आणि योनीमार्गातून वारा सरू लागतो. आतल्या कपड्यांना शौचाचे डाग पडतात, वास येतो. बाई आधी धुणं-पुसणं वाढवते, मग अंगावरून पांढरं जाण्याची औषधं घेते, पुढे चारचौघांत बसणंच टाळते. डॉक्टरांपुढेही हे सांगायला जीभ रेटत नाही. या दुखण्याला ‘रेक्टोव्हजायनल फिश्चुला’ म्हणतात. गुदाशय आणि योनीमार्ग यांच्यामधल्या पडद्याला पडलेलं भोक, एवढाच त्याचा अर्थ. अस्वच्छतेमुळे ते पडत नाही आणि बहुतेकींच्या बाबतीत ते दुरुस्त करता येतं.

योनीमार्गाची मागची भिंत आणि गुदाशयाची पुढची भिंत अगदी लगटून असतात. खाली, गुदद्वारापाशी, मध्ये स्नायूंचा जाड थर असतो. वर मात्र हा पडदा काही मिलिमीटरचाच उरतो. प्रसूतीत बाळाचं डोकं इथूनच पुढे सरकतं, म्हणून या भोकाचं सर्वांत नेहमीचं कारण बाळंतपण हेच आहे.

बाळंतपणात हे भोक दोन तऱ्हांनी पडतं. बाळंतीण अडली आणि डोकं तासन्‌तास कटीच्या हाडांत अडकून राहिलं, तर दाबाखाली सापडलेल्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो. तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. वेळेवर सिझेरियन न मिळणाऱ्या गरीब देशांत हे अजूनही घडतं. इथिओपियात रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने १९७४ साली अदिस अबाबात खास फिश्चुलाच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारलं, ते अशाच बायकांसाठी.

दुसरी तऱ्हा म्हणजे प्रसूतीत खोलवर गेलेली फाट. ती गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत, कधी आतल्या अस्तरापर्यंत पोचते. ती नजरेतून सुटली, टाके नीट बसले नाहीत किंवा जखम चिघळून उसवली, की तिथे मार्ग तयार होतो. दवाखान्यातल्या बाळंतपणातही हे होऊ शकतं.

बाळंतपणाशी संबंध नसलेली कारणंही आहेत: क्रोन्स हा आतड्याचा दाहाचा आजार, त्या भागातलं फुटलेलं गळू, गर्भाशय किंवा गुदाशयावरची शस्त्रक्रिया, कर्करोग. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील, तर भोक काही महिन्यांनी, कधी दोन-दोन वर्षांनीही पडू शकतं.

तपासणी तशी साधी असते. भोक मोठं असेल तर ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. सापडत नसेल तर योनीमार्गात कापसाचा बोळा ठेवतात आणि गुदाशयात निळ्या रंगाचं पाणी सोडतात. पंधरा-वीस मिनिटांनी बोळा काढून बघतात. तो निळा झाला असेल तर मार्ग आहे हे पक्कं. त्यानंतर एमआरआय आणि गुदद्वाराची सोनोग्राफी करतात. स्नायू शाबूत आहे की फाटलेला, हे त्यातून कळतं आणि शस्त्रक्रिया कोणती करायची ते बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. किरणोपचार झालेल्या बाईच्या त्या भागाचा तुकडा काढून तपासतात, कारण कर्करोग परत आलेला नाही ना, याची खात्री आधी हवी. क्रोन्सची शंका असेल तर आतड्याचा क्षय नाही ना, हेही आपल्याकडे बघावं लागतं.

यानंतर रुग्णाला सर्वांत जड जाणारा टप्पा येतो: थांबणं. सुजलेल्या, पू झालेल्या भागात टाका धरत नाही. म्हणून पू काढून देतात, कधी मार्गात सैल दोरा ठेवतात, शौच मऊ ठेवतात आणि साधारण तीन ते सहा महिने वाट पाहतात. काही छोटी भोकं एवढ्यातच आपोआप मिटतात. क्रोन्समध्ये आधी औषधांनी आजार आटोक्यात आणतात. हे वाट पाहणं फुकट जात नाही, कारण पहिली शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक ती घटत जाते.

भोक खालच्या भागात आणि लहान असेल, स्नायू शाबूत असेल, तर गुदाशयाच्या बाजूने ‘फ्लॅप’ करतात. गुदाशयात दाब जास्त असतो. पाण्याच्या टाकीची गळती आतून लिंपतात, त्यातलाच हा प्रकार. सर्जन भोकाच्या वरचं अस्तर थोड्या स्नायूसह पदरासारखं उचलतो. पदराचा पाया टोकाच्या दुप्पट रुंद ठेवतो, म्हणजे टोकापर्यंत रक्त पोचतं. खालच्या स्नायूत टाके घालून भोक बंद करतो, पदराचं खराब टोक छाटतो आणि चांगला भाग खाली ओढून शिवतो. योनीकडचं तोंड मात्र बहुधा उघडंच ठेवतो, म्हणजे आत स्राव साचत नाही.

स्नायू फाटलेला असेल तर तोही जोडावा लागतो. भोक पुन्हा पडलं असेल किंवा आजूबाजूचा भाग किरणोपचाराने निर्जीव झाला असेल, तर बाहेरून ताजा रक्तपुरवठा आणावा लागतो. त्यासाठी योनीच्या ओठातली चरबी वळवून मध्ये बसवतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हाइनरिख मार्टियस यांनी १९२८ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत आजही वापरात आहे. मांडीचा लांब स्नायूही असाच वळवता येतो. भोक उंचावर असेल तर पोटातून जावं लागतं. अवघड दुरुस्तीत शौच काही महिने पोटावरच्या पिशवीत वळवतात. जखम भरली की बहुतेकींची पिशवी काढता येते.

‘मूळव्याध-भगंदर, बिनऑपरेशन’ अशा पाट्या गावोगाव दिसतात. पण हे दुखणं म्हणजे साधं भगंदर नव्हे. साध्या भगंदरात, म्हणजे गुदद्वाराजवळच्या फिश्चुलात, मार्ग चिरून उघडणं चालतं. इथे तसं केलं तर स्नायू कापला जाऊन शौचावरचा ताबाच जाऊ शकतो. त्यामुळे गुदविकारांचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच जावं आणि किती अशा दुरुस्त्या केल्यात, हे मोकळेपणाने विचारावं.

शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे संबंध टाळायचे, कुंथायचं नाही, तंबाखू आणि विडी-सिगारेट बंद ठेवायची. पुढचं बाळंतपण बहुधा सिझेरियननेच करण्याचा सल्ला मिळतो.

घरात बाळंतीण असेल तर सासूने, आईने, नवऱ्याने एवढंच विचारावं: शौच, वारा यांचा काही त्रास आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर अंगावर काढू नका, तिला डॉक्टरांकडे न्या.