रात्रपाळी शरीरातील घड्याळाची

भिलाईच्या रिसाली सेक्टरला पाळ्यांचे वेळापत्रक नवे नाही. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टी रात्रीही थांबत नाही. म्हणून माणसांची कामेही पाळ्यांत वाटली गेली. रात्रपाळीहून परतलेल्याची दिवसाची झोप पुरी होत नाही, हे येथील घराघराला ठाऊक आहे. जवळच्याच रायपूर येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील प्रा. अतनू कुमार पती व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीकामाच्या परिणामांचा आढावा २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला होता.

परंतु ज्याने कारखान्याचे फाटकही पाहिले नाही, अशा अठरा-वीस वर्षांच्या मुलाचे घड्याळ आपोआप रात्रपाळीवर गेले तर? पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, दुपारी बारापर्यंत जाग येत नाही, महाविद्यालय बुडते. घरचे म्हणतात, ‘आळशी झाला.’ या एका शब्दामुळे कित्येकदा उपचाराची मोलाची वर्षे वाया जातात.

मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावरून ते रोज आपली वेळ जुळवून घेते आणि अंधार पडू लागला की मेलाटोनिन या संप्रेरकाद्वारे शरीराला रात्रीची सूचना देते. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वयात येताना हे घड्याळ निसर्गतःच मागे पडते. त्यामुळे उशिरा झोपणारा प्रत्येक तरुण आजारी नसतो. मात्र नैराश्य वा द्विध्रुवीय विकार असलेल्या तरुणांत हा विलंब अधिक आढळतो. मन आणि घड्याळ एकमेकांना बिघडवतात. द्विध्रुवीय विकारात जागरणाने उन्मादाचा झटकाही येऊ शकतो. झोप कमी होऊनही थकवा न जाणवणे, उत्साह व खर्च एकाएकी वाढणे, ही त्याची खूण होय.

उपचाराची दिशाही घड्याळाकडेच जाते. द्विध्रुवीय विकारावरील लिथियम हे जुने औषध शरीराच्या घड्याळावरही परिणाम करते. अमेरिकेतील एलेन फ्रँक यांनी औषधांच्या जोडीला उठणे, जेवणे, भेटीगाठी व झोपणे यांच्या वेळा स्थिर करणारी उपचारपद्धती विकसित केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७५ रुग्णांच्या अभ्यासात, आजाराच्या तीव्र अवस्थेत ही पद्धती लाभलेल्या रुग्णांना पुढील झटका अधिक काळाने आला.

घरी काय करावे? उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही एकच ठेवावी, सकाळी थोडा वेळ उन्हात चालावे, रात्री दिवे मंद करून मोबाईल दूर ठेवावा. तीव्र प्रकाशाचा उपचार किंवा झोपेच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत. योग्य निर्णय मनोविकारतज्ज्ञच देऊ शकतात. जगणे नकोसे झाल्याची भाषा तरुणाच्या तोंडी आली, तर क्षणाचाही विलंब नको. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

रात्रपाळी करून आलेल्या वडिलांची झोप मोडू नये म्हणून रिसालीतील घरे दिवसा पावले हळू टाकतात. तीच समजूत आता अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या मुलाच्याही वाट्याला यायला हवी.