स्लॅबखालचा उन्हाळा

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की सोसायटीच्या सूचनाफलकावरच्या चिठ्ठ्या बदलतात. ‘टाक्या धुणार असल्याने मंगळवारी सकाळी पाणी येणार नाही.’ ‘गच्चीवर वाळवण घालणाऱ्यांनी किल्ली सायंकाळी सातपर्यंत परत करावी.’ ‘मुलांनी दुपारी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू नये.’ अशा चिठ्ठ्या दिसल्या की समजावे, उन्हाळा आला.

आमच्या सोसायटीत यंदा त्यांच्या शेजारी आणखी एक कागद लागला आहे. ‘एप्रिल-मे महिन्यांत ज्यांच्या घरी ज्येष्ठ व्यक्ती दुपारी एकट्या असतात, त्यांनी सचिवांकडे नाव द्यावे.’ हा कागद लागण्यामागे गेल्या वर्षीची एक संध्याकाळ आहे.

सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. मुलगा परगावी, घरात त्या एकट्याच. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी आल्या, तेव्हा सकाळचा पेपर दारातच पडलेला होता. आपल्याकडच्या किल्लीने त्यांनी दार उघडले. बाई पलंगावर होत्या, पंखा पूर्ण वेगात चालू होता, पण बोलणे असंबद्ध आणि अंग चुलीसारखे तापलेले. मावशींनाही त्यांनी ओळखले नाही. दवाखान्यात निदान झाले उष्माघाताचे. वेळेत पोचल्यामुळे बाई वाचल्या. पण खाली जमलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, ‘अहो, त्या तर दिवसभर घराबाहेरसुद्धा पडल्या नव्हत्या!’ आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘आज इतके काही ऊन नव्हते.’

काकांचेही खरे होते. दुसऱ्या मजल्यावर नव्हतेच. एकाच इमारतीत, एकाच दिवशी दोन वेगवेगळे उन्हाळे असतात. त्याचे कारण आपल्या डोक्यावरच्या सूर्यात आणि त्याखालच्या काँक्रीटमध्ये आहे.

सावली गायब होते तेव्हा

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस कोल्हापुरात ६-७ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या आसपास येतो. मुलांना गच्चीवर नेऊन पाण्याने भरलेली बाटली उभी ठेवा आणि तिची सावली आक्रसताना दाखवा. सुट्टीतला हा छान प्रयोग आहे.

पण तोच प्रयोग आपल्याला आणखी एक गोष्ट सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन भिंतींवर फारसे पडत नाही, ते जवळजवळ उभे खाली येते. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची संध्याकाळी. गच्चीला मात्र सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत सुटका नाही. दुपारी अनवाणी पायाने गच्चीवर कुरडया उलटायला गेलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. हवेचे तापमान चाळीस असताना उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जाऊ शकतो.

ही उष्णता लगेच खाली उतरत नाही. पाच-सहा इंचांचा स्लॅब ती आधी पोटात साठवतो आणि मग सावकाश खाली सोडतो. वरच्या बाजूचा दुपारचा उच्चांक खालच्या बाजूला पोचायला साधारण चार ते पाच तास लागतात. म्हणजे बाहेर ऊन उतरून लोक फिरायला निघतात, नेमक्या त्या वेळी वरच्या मजल्याचे छत सर्वांत जास्त तापलेले असते. पलंगावर पडले की वरून धग जाणवते ती याचीच. पंखा छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. खालच्या मजल्यांच्या डोक्यावर वरच्यांचे घर असते, म्हणून ते वाचतात.

आणि म्हणून रात्रीला महत्त्व आहे. दिवसभर शिणलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना सावरायला थंडावा लागतो, तो रात्री मिळतो. भारतीय हवामान विभागही आता ‘उष्ण रात्री’चा इशारा देतो. दिवसाचे कमाल तापमान चाळीस किंवा अधिक आणि रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त, अशी ती रात्र. स्लॅबखालच्या घराला हवामान विभागाने न सांगताही अशा रात्री सोसाव्या लागतात.

घामाचे गणित

आपल्या शरीराकडे थंड होण्याचे मुख्य साधन एकच, घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. अट अशी, की तो वाळला पाहिजे. नुसता गळाला तर पाणी गेले, मीठ गेले आणि थंडावा काहीच मिळाला नाही. विदर्भात कूलर आणि वाळ्याचे पडदे काम करतात, कारण तिथली हवा कोरडी असते. मुंबई-कोकणात तोच कूलर खोली दमट करून ठेवतो. म्हणूनच उष्णतेच्या लाटेसाठी हवामान विभागाची तापमानाची किमान मर्यादा मैदानी भागात ४० अंश आहे, तर किनारपट्टीवर ३७. आकडा लहान दिसला म्हणून कोकणातल्यांनी गाफील राहू नये.

दुसरी गोष्ट, शरीराला उन्हाळ्याची सवय व्हावी लागते. उष्णतेत आठ-पंधरा दिवस गेले की घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातला द्रवभाग वाढतो. त्यामुळे मे महिन्यात सहज सोसणारे तापमान मार्च-एप्रिलमध्ये आजारी पाडू शकते. ‘आत्ताशी तर उन्हाळा सुरू झालाय’ हे निश्चिंत राहण्याचे कारण नसून सावध राहण्याचे आहे.

वयाबरोबर ही सगळी यंत्रणा मंदावते. घाम कमी येतो आणि तहान लागल्याचे कळतही नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी औषधे, काही मानसिक आजारांवरची आणि ॲलर्जीची औषधे यांमुळे शरीराचे पाण्याचे किंवा घामाचे गणित बदलते. म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत. उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला पाळू नये.

शिकागोने शिकवलेला धडा

बाईंच्या बाबतीत घडले ते जगाला नवे नाही. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही दिवसांच्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सातशेहून अधिक माणसे जास्त दगावली. कोण दगावले आणि कोण वाचले, याचा नंतर घरोघरी जाऊन अभ्यास झाला. एकटे राहणारे, घराबाहेर न पडणारे, आजारी आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे यांना धोका अधिक होता. ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र होते ते वाचण्याची शक्यता जास्त होती, हे अपेक्षितच. पण ज्यांची आसपास ये-जा आणि ओळखपाळख होती, त्यांनाही धोका कमी होता. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे उष्णतेने गेली. तिथेही थेट छपराखाली राहणाऱ्या वृद्धांना धोका जास्त असल्याचे आढळले.

आपल्याकडे मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला असा तो पहिलाच. आधी इशारा देणे, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण, पाण्याची सोय आणि पुढे छतांना पांढरा रंग, असे त्याचे साधे स्वरूप. शहराला जे जमले, ते चाळीस फ्लॅटच्या सोसायटीला जमायला हरकत नाही.

गच्ची कोणाची?

आमच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गच्चीला पांढरा परावर्तक रंग देण्याचा विषय निघाला, तेव्हा अपेक्षित प्रश्न आलाच, ‘फायदा वरच्या चार घरांचा, खर्च सगळ्यांनी का करायचा?’ याचे एक उत्तर नियमाचे आहे. गच्ची सामाईक असते आणि तिची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, हे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच आहे. पावसाळ्यात वरच्यांच्या छतातून पाणी गळले तर आपण वर्गणीचा वाद घालत नाही. उन्हाळ्यात तिथूनच उष्णता गळते.

दुसरे उत्तर विज्ञानाचे. जुने, काळवंडलेले काँक्रीट बरेचसे ऊन शोषून घेते. चांगला पांढरा थर त्यातले बहुतांश परत पाठवतो. अशा छताखालच्या खोलीचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. रंग परवडत नसेल तर चुन्याचे दोन हात द्यावेत. पाऊस ते धुऊन नेईल, पण हा उन्हाळा निघेल. धूळ बसली की परिणाम कमी होतो, म्हणून अधूनमधून झाडून घ्यावे. शेड-नेट बांधूनही फरक पडतो. टँकरच्या दिवसांत गच्चीवर पाणी ओतणे मात्र परवडणारे नाही.

घरात करायच्या गोष्टी आपल्या आज्यांना ठाऊक होत्या. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे बंद करावेत. बाहेरची हवा घरापेक्षा थंड झाली की सगळे सताड उघडावे. पडदा काचेच्या आत लावण्यापेक्षा बाहेर चटई किंवा ताडपत्री लावली तर ऊन आत येतच नाही. पंख्याची मदत होते, पण त्यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार तापमान चाळीसच्या पुढे गेले की पंखा शरीर थंड करण्याऐवजी तापवू लागतो. त्या वेळी अंग ओल्या कापडाने पुसत राहावे किंवा दुपारपुरते खालच्या मजल्यावर जाऊन बसावे. एसी असेल तर २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. विजेचे बिल कमी येते आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत आपण कमी गरम हवा फेकतो.

एक घर आपण सगळे विसरतो. ते म्हणजे फाटकाजवळची पहारेकऱ्याची पत्र्याची केबिन. पत्र्याला स्लॅबसारखे चार-पाच तास लागत नाहीत, तो मिनिटांत तापतो. पत्र्यावर पांढरा रंग, खाली थर्माकोलचे आच्छादन, एक पंखा आणि पाण्याचा माठ एवढे केले तरी खूप आहे. दुपारी सामान घेऊन येणाऱ्या मुलांसाठी त्याच माठावर एक पेला आणि लिफ्ट वापरण्याची परवानगी हवी.

अर्धा तास महत्त्वाचा

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, खूप घाम आणि गळून गेल्यासारखे वाटणे, ही उष्णतेने शरीर थकल्याची खूण आहे. थंड जागी झोपवून पाय थोडे वर ठेवावेत आणि ओआरएस घोटघोट द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घालावे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या असंख्य रुग्णांना अशाच साध्या मिश्रणाने वाचवले होते. खोक्यात मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ताक, मीठ घातलेले पन्हे आणि कोकम सरबत रोजच्यासाठी उत्तम.

पण बोलणे असंबद्ध झाले, तोल गेला, झटका आला, शुद्ध हरपली आणि अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात. अंगाला घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता थंड करायला सुरुवात करावी. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ किंवा ओली फडकी ठेवावीत. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती थंड झाले, यावर पुढचे बरेच काही ठरते.

गेल्या वर्षी आम्हाला यातले काही माहीत नव्हते. मावशींनी आपल्या शहाणपणाने बादलीभर पाणी आणि ओली चादर वापरली, म्हणून निभावले. यंदा गच्ची पांढरी झाली आहे, केबिनवर पत्र्याऐवजी आता सावली दिसते. सचिवांकडे नऊ नावे आली आहेत. रोज दुपारी चारच्या सुमारास कोणीतरी एक बेल वाजवते, ‘पाणी प्यायलात का?’ एवढेच विचारते. काही दिवस या कामावर सहावीतली दोन मुले असतात. क्रिकेटला बंदी असल्याने त्यांना वेळच वेळ आहे.

बाईंनी सुरुवातीला नाव द्यायला नकार दिला होता. ‘मला काही झालेले नाही,’ म्हणाल्या. आता चार वाजता त्या दार उघडे ठेवून बसतात आणि मुलांना पन्हे देऊन पाढे विचारतात.